आजोबांची संगीन : मिरवण्यासाठी नव्हे, वाचण्यासाठी

आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात सैनिकी सेवेची एखादी खूण जपलेली असते. कुठे पदक, कुठे मिटता चाकू, तर कुठे म्यानातली संगीन. या ठेव्याचे आपण काय करतो? कोणी पाते पॉलिश पेपरने घासून लखलखीत करतो आणि दिवाणखान्यात टांगतो. कोणी दसऱ्याला त्यास हळदकुंकू वाहतो. कोणी ‘बौद्धाच्या घरी हत्यार कशाला?’ असे म्हणून ते जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यास देऊन मोकळा होतो. आम्हांस हे तिन्ही मार्ग अमान्य आहेत. कारण तिन्हींत एक गोष्ट समान आहे : त्या पात्यावर काय कोरले आहे ते कोणीच वाचत नाही.

ते का वाचावे? १८९२ नंतर ‘लढवय्या जाती’ या कल्पित वर्गीकरणाच्या आधारे महारांना लष्कराची दारे बंद करण्यात आली. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि युद्ध संपल्यावर, १९२१ साली, मोडीत काढली गेली. १९४१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले; त्यांनी भरतीचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. आजोबांच्या हाती आलेले शस्त्र हा या झगड्याचा पुरावा ठरू शकतो. परंतु पुरावा तपासावा लागतो. नुसता मिरवून तो सिद्ध होत नाही.

येथेच आमचा आपल्याच माणसांशी वाद आहे. मुठीलगतच्या सपाट भागावर मुकुट, राजाची आद्याक्षरे आणि ‘१९०७’ हा आकडा दिसला, की ‘आजोबांना हे १९०७ साली मिळाले’ असे सांगितले जाते. १९०७ हे त्या संगिनीच्या नमुन्याचे वर्ष आहे, घडणीचे नव्हे. घडणीचा महिना व वर्ष त्याखाली लहान आकड्यांत असतात. शिवाय १९०७ साली महारांची भरती बंदच होती! या नमुन्याचे पाते सतरा इंच लांब असे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात ते बारा इंचांवर आणले गेले. ‘आर. एफ. आय.’ ही अक्षरे बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्याची. बाणाचे चिन्ह म्हणजे सरकारी मालकी. पात्यावरील लांब पन्हळ ‘रक्त वाहून जाण्यासाठी’ असते, ही केवळ दंतकथा. ती वजन कमी करण्यासाठी असते.

याहून गंभीर प्रकार म्हणजे अशीच लाकडी मुठीची संगीन ‘कोरेगावच्या लढाईतील’ म्हणून दाखवणे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला जे लढले त्यांच्या हाती ठासणीच्या बंदुका होत्या. त्यांची संगीन तिधारी असे, तिला मूठ नसे आणि ती नळीसारख्या खोबणीने बंदुकीच्या तोंडावर बसे. कोरेगावच्या स्तंभावर आपल्या पूर्वजांची नावे दगडात कोरलेली आहेत. ज्यांच्यापाशी एवढा अस्सल पुरावा आहे त्यांना बनावट पुराव्याची गरज काय? एक खोटा दावा उघडा पडला, की विरोधक दहा खऱ्या दाव्यांवर संशय घेतात. पुराणकथांची चिकित्सा करायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. ती चिकित्सा आपल्या घराच्या उंबरठ्याशी थांबणार काय?

पात्यालाही मर्यादा आहेत, हे विसरू नये. पहिल्या युद्धातील संगिनी दुसऱ्या युद्धातही वापरल्या गेल्या. त्यामुळे पात्यावरील वर्ष म्हणजे आजोबांच्या सेवेचे वर्ष नव्हे. सरकारी शस्त्र सेवेअखेर परत करावे लागे आणि युद्धानंतर अशा वस्तू जुन्या बाजारातही आल्या. म्हणून पात्याची साक्ष कागदाशी ताडून पाहावी. निवृत्तीचा दाखला शोधावा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाची कड पाहावी. तीवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. तेथे पत्र लिहावे. ब्रिटनमधील बांधवांना लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची लष्करी दप्तरे पाहता येतात.

‘हत्यार जपणे धम्माशी विसंगत’ म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर असे : हत्यार उगारणे वेगळे आणि इतिहास जपणे वेगळे. आम्ही पूजा करा म्हणत नाही, धार लावा असेही म्हणत नाही. घासू नका, घासल्याने अक्षरे कायमची जातात. चामड्याच्या म्यानात ओल धरते, म्हणून पाते बाहेर ठेवून हलके तेल लावा. खुणांची छायाचित्रे घ्या. आजी, आत्या, चुलते यांच्या आठवणी तारीख घालून लिहून ठेवा. परदेशी आणण्यापूर्वी दोन्ही देशांचे कायदे पाहा.

आपल्या पूर्वजांना शस्त्रही नाकारले गेले आणि शास्त्रही. आजोबांनी पहिले मिळवले. अक्षर आपल्या हाती आले. त्या अक्षरज्ञानाने त्यांच्या शस्त्रावरील चार अक्षरेही आपण वाचणार नसू, तर परदेशातील आपल्या पदव्यांचा उपयोग तो काय?

जयभीम!