पाना लेकीच्याही हाती द्या

लोणावळा-खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यांमागे अजूनही एखादी गाडी ताडपत्रीखाली झाकलेली दिसते. बहुधा फियाटच. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ साली ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बाहेर पडली आणि सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. एक्स्प्रेस-वे होण्याआधी खोपोलीहून घाट चढताना याच गाड्या बोनेट उघडून वाफा सोडत उभ्या असायच्या. शिंग्रोबाला हात जोडायचे, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं आणि पुढे निघायचं! मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. पण घरोघरी उरलेल्या गाड्यांना मात्र पुन्हा बरे दिवस येताहेत. हौशी मंडळी घरच्या शेडमध्येच इंजिन उतरवतात, खोलतात आणि नव्याने बांधतात.

हौस चांगलीच आहे. मात्र एक गोष्ट मला नेहमी खटकते. इंजिन उघडलं की घरातल्या मुलाला हाक जाते, ‘ये रे, पाना धर.’ आणि मुलीला? ‘बॅटरी दाखव जरा, आणि आईला चहा टाकायला सांग.’

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आमच्याच घरचं सांगते. मामंजींची १९७१ सालची फियाट भाऊजींनी दोन पावसाळ्यांपूर्वी खोलायला घेतली. पुतण्याचा उत्साह आठवड्यात संपला. पुतणी मात्र रोज कॉलेजातून आली की शेडमध्ये. प्रत्येक नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून वर चिठ्ठी लावायची, हे तिनेच सुचवलं. बेअरिंगच्या कॅपा जिथून निघाल्या तिथेच आणि त्याच दिशेने परत बसाव्या लागतात. तिने त्यांवर नंबर घातले आणि वहीत चित्रं काढली.

मग मी जवळ जाऊन बघायला लागले आणि हे काम मला अगदी ओळखीचं वाटलं. वाल्व्ह आपल्या जागी घट्ट बसावा म्हणून पेस्ट लावून त्याला चिकटवलेली काठी दोन्ही तळव्यांत फिरवतात, थेट ताकाची रवी! पिस्टनवर रिंगा चढवताना त्यांच्या फटी एका ओळीत येऊ द्यायच्या नाहीत. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. एकदम कोपऱ्यातला करकचून आवळला की हेड वाकडं बसतं आणि गॅस्केटमधून गळती होते. यात दंडातल्या बेडकुळ्यांपेक्षा शिस्त आणि धीर जास्त लागतो. आणि धीराचं शिक्षण आपल्याकडे मुलींना पाळण्यापासूनच मिळतं, नाही का?

जड काम आहेच. इंजिन उचलायला चेनपुली लागते, ती पुरुषांनाही लागते. सिलिंडरला बोअर मारणं, क्रँक ग्राइंड करणं ही कामं घरी होतच नाहीत, ती मशीन शॉपमध्येच द्यावी लागतात. तिथे पुतणी मापं विचारायला गेली तेव्हा मालक तिच्याशी बोलेनात, उत्तरं भाऊजींकडे बघून देत होते. प्रश्न हिचा आणि उत्तर त्यांना! शेवटी भाऊजीच म्हणाले, ‘वही तिच्याकडे आहे, तिलाच सांगा.’ मला वाटतं, त्या एका वाक्याने तिला जे मिळालं ते दहा व्याख्यानांनी मिळालं नसतं.

इतिहासही काही वेगळं सांगत नाही. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर बसवून, मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. मोटारीने इतका लांब प्रवास त्याआधी कुणी केलाच नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने साफ केली. म्हणजे मोटारीचा पहिला मोठा प्रवासही बाईचा आणि वाटेतली दुरुस्तीही बाईचीच!

हे सगळं हौसेपुरतं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण मावळात बचत गटाच्या कामासाठी फिरताना दिसतं ते असं : तळेगाव-चाकणला मोटारींचे कारखाने, हाकेच्या अंतरावर. तरी मुलीला आयटीआयला घालायचं म्हटलं की आईच म्हणते, ‘शिवणकाम घे गं, घरी बसून करता येईल.’ शिवणकामाला मी कमी लेखत नाही, त्यावर किती संसार उभे राहिलेत! पण मुलीने कधी पाना हातात धरलाच नसेल, तर दुसरी वाट तिला सुचणार तरी कशी? इंजिन म्हणजे आपलं काम नव्हे, हे तिला शाळेत शिकवत नाहीत. ते घरच्या अंगणातच शिकवलं जातं.

गाडी बांधायला काढणाऱ्यांना दोन गोष्टी आणखी सांगते. पहिली हिशेबाची. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. इंजिनात, चासीत फेरफार केलेली चालत नाही. पूर्वी कित्येकांनी फियाटमध्ये डिझेल इंजिनं बसवून घेतली, त्यांनी आधी हे तपासावं. आणि खर्च घरातल्या बाईला विचारून ठरवावा. हौस एकाची आणि काटकसर दुसरीची, असं नको.

दुसरी गोष्ट काळ्या ऑइलची. ते गटारात ओतू नका. आपली इंद्रायणी इथेच, कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते. इथे ओतलेलं उद्या देहू-आळंदीच्या घाटावर पोहोचतं. ऑइल डब्यात साठवा आणि गॅरेजमधून जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडेच द्या.

नव्याने बांधलेलं इंजिन सुरुवातीला पळवायचं नसतं. हळू चालवायचं, लवकर ऑइल बदलायचं, मग ते वर्षानुवर्षं साथ देतं. मुलींच्या बाबतीत आपण निदान इतकं तरी करू या. चुकेल, एखादा बोल्ट तुटेल, हात काळे होतील. होऊ देत. साबणाने निघतात ते! ‘हे तुझं काम नाही’ हा शब्द मात्र एकदा मनात बसला की सहजासहजी निघत नाही.