पाकोळ्यांना हुसकण्याची घाई

रत्नागिरीनजीक काजळी नदीच्या मुखाशी असलेल्या भाट्ये गावी माडांच्या बागा व कौलारू घरे यांची शेजारवस्ती आहे. अशा घरांच्या आढ्याखाली, वासे आणि रिपा यांच्या सापटीत लहान वाघळे, म्हणजेच पाकोळ्या, आश्रय घेतात. पौष-माघात पहाटेचा गारवा वाढला की त्या एकमेकींस बिलगून निश्चल राहतात. मग धूर करून वा काठीने ढोसून त्यांना हुसकण्याची घाई होते. ही घाई अनाठायी आहे.

युरोप-अमेरिकेच्या थंड भागांत अनेक जातींची वाघळे अंगातील चरबीवर कित्येक महिने निद्रिस्त राहतात. तेथे त्यांना वारंवार जागविल्यास चरबी अकाली संपून ती दगावतात. कोकण किनाऱ्यावर तशी थंडी नाही. येथील पाकोळी गारव्यात अंगाची ऊब उतरवून काही तास स्वस्थ राहते व सायंकाळी पुन्हा भक्ष्यासाठी बाहेर पडते. डास, पतंग, लहान भुंगेरे हे तिचे भक्ष्य. माडाची पाने खाणाऱ्या काळ्या डोक्याच्या अळीचा प्रौढ कीटकही रात्री उडणारा पतंगच आहे. अर्थात पाकोळ्यांवर विसंबून बागेतील कामे सोडून चालणार नाही. गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यातूनच वेचाव्या लागतात.

फळे खाणाऱ्या मोठ्या वाघळांवरील बागाईतदारांचा राग काही अंशी रास्त आहे. परंतु तो राग घरातील पाकोळीवर काढण्यात अर्थ नाही. ती फळांस तोंडही लावीत नाही.

घरातील माणसांस त्रासच होत असेल, तर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी योग्य रीत समजावून द्यावी. पाकोळीस एका वेताला एक-दोनच पिल्ले होतात. न उडणारी पिल्ले आत असता फट बुजविल्यास ती उपासमारीने मरतात व घरात दुर्गंधी सुटते. म्हणून प्रथम पाहणी करावी. पिल्ले नसल्यास बाहेर पडण्याच्या वाटेवर, खालून मोकळी अशी बारीक जाळी काही रात्री लोंबती ठेवावी. पाकोळ्या बाहेर जातात, परंतु परत शिरू शकत नाहीत. मगच फट लिंपावी. शाकारणीच्या वेळीही कौले उतरविण्यापूर्वी हीच पाहणी व्हावी.

वाळलेली लेंडी कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, नाकातोंडास फडके बांधून काढावी. वाघूळ उघड्या हाताने धरू नये. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन, जखम कितीही लहान असली तरी, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.