सूर्यास्ताला जेवली, झोपली साडेअकराला



सून गरोदर राहिली की आपल्याकडे पहिली चौकशी ठरलेली, "रात्रीचं बंद आहे ना गं?" ती किती वाजता झोपते, हे कुणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात इथेच इंझोरीत एका डोहाळजेवणाला गेले होते. सातवा महिना, डोळ्यांखाली काळं. सासूबाई अभिमानानं सांगत होत्या, "दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही." स्वयंपाकघरात ती पोर हळूच म्हणाली, "काकू, झोपायला साडेअकरा होतातच."

लवकर जेवण्याला माझा विरोध नाही, उलट त्याचा मला अभिमान आहे. या दिवसांत अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, वाढतं पोट खालून दाबतं, म्हणून जेवून लगेच आडवं झालं की छातीत जळजळतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. ती सोय आपल्या धर्मानं आयती दिली आहे. आणि आपण तिचं मातेरं करतो! सून सहाला जेवते, पण घरातले पुरुष कारंज्याहून नऊला येतात. त्यांना नियम नाही, त्यांना गरम पोळी हवी. मग भांडी, मग मालिका, मग अंधारात मोबाइल. त्यात सूर्यास्ताआधीचा "शेवटचा" कडक चहा. शेवटच्या महिन्यांत चहातलं कॅफिन उतरायला एरवीच्या तिप्पट वेळ लागतो. चहाबरोबर लोहाची गोळी घेतली तर ती नीट अंगी लागत नाही, आणि लोह कमी पडलं की रात्री पाय स्वस्थ राहत नाहीत.

आता पाण्याचं. मी बी.कॉम., हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाला दिवस मावळतो. सकाळी पावणेसातनंतर उगवतो, वर 48 मिनिटं धरा. झाले जवळपास 14 तास! जूनमध्ये हेच साडेअकरा. पोटुशीची साखर उपाशीपोटी इतरांपेक्षा लवकर उतरते. तीनला घशाला कोरड पडून जाग आलेल्या बाईनं पहाटेपर्यंत छताकडे बघत राहायचं, आणि पुण्य जमा कुणाच्या खात्यावर?

सोळा कारण भावनांत त्याग आणि तप या दोहोंना "शक्तीप्रमाणे" अशी अट घातलेली आहे. ती शक्ती सासूनं मोजायची नसते. जिचा नियम तिनं मोजावी, डॉक्टरांना विचारून. मन धजत नसेल तर महाराजांनाही विचारावं.

1985 साली मला आठवा महिना होता. सासूबाई माझ्याहून कडक. एका रात्री त्या काही न बोलता माझ्या उशाशी गाळलेल्या पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. त्यावर आमच्यात कधीच बोलणं झालं नाही.

नऊची ताटं तुम्ही वाढा, नाहीतर ज्यांना भूक आहे त्यांनी वाढून घ्यावीत. सून साडेनऊला डाव्या कुशीवर झोपलेली हवी.