शांतता समितीच्या पलीकडचा संवाद

मराठवाड्यात मुस्लिम समाजाशी सार्वजनिक संवाद केव्हा होतो, असा प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा एकच येते : सणांच्या तोंडावर, पोलीस ठाण्यात, शांतता समितीच्या बैठकीत. चार प्रतिष्ठित मंडळी, एखादे मौलाना, एखादे माजी पदाधिकारी, चहा आणि आश्वासने. या बैठकांचे मोल आम्ही नाकारत नाही. त्यांनी काही अनर्थ नक्कीच टाळले असतील. पण ज्या समाजाला केवळ दंगलीच्या धास्तीने बोलावले जाते, तो समाज हळूहळू स्वतःकडेही एक 'प्रश्न' म्हणून पाहू लागतो. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, या समाजाचे स्थानिक बळ वाढवायचे असेल तर संवाद तणावाच्या दिवसांतून बाहेर काढला पाहिजे, आणि तो आधी समाजाच्या आत, आपसांत झाला पाहिजे.

हे लिहिताना आमच्यासमोर दौलताबाद आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी हलवली, एवढीच या गावाची ओळख पाठ्यपुस्तकांनी ठेवली. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र येथे आणखी काही दिसायला हवे. त्या स्थलांतराच्या काळात दिल्लीहून आलेल्या मंडळींत अमीर हसन सिजझी होते. निजामुद्दीन औलियांच्या मजलिशीत घडलेली संभाषणे त्यांनी 'फवाइद-उल-फुवाद' या ग्रंथात नोंदवली. त्यांची कबर जवळच्या खुलताबादेत आहे. त्याच खुलताबादेत विसावलेल्या बुर्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांची संभाषणे काशानी बंधूंनी लिहून ठेवली. 'मलफूजात' नावाचा हा वाङ्मयप्रकार मुळात सामूहिक संवादाचाच आहे. कोणी शंका विचारतो, कोणी दुसरी कथा सांगतो, आणि गुरूचे उत्तर त्या प्रसंगातून आकार घेते. सोळाव्या शतकात, परंपरेने दौलताबादचे किल्लेदार मानलेल्या जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ 'हिंदू-तुर्क संवाद' रचतात. त्यात दोघे एकमेकांच्या धर्मातील विसंगतींवर यथेच्छ तोंडसुख घेतात आणि भांडून झाल्यावर समेटास येतात. भांडण टाळून मिळवलेला तो समेट नव्हे, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

इतकी संवादपरंपरा ज्या परिसरात आहे, तेथील आजचा मुस्लिम माणूस मात्र स्वतःविषयीच्या चर्चेत श्रोताच असतो. २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, खुलताबाद-दौलताबादच्या नामांतराची भाषा झाली. वक्ते मुंबईचे होते, नागपूरचे होते, दिल्लीचे होते. किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळे विकणाऱ्याला, रिक्षा चालवणाऱ्याला, कागजीपुऱ्यात हातकागद करणाऱ्या घराला यावर काय वाटते, हे विचारण्याची गरज कोणाला भासली? ज्या कारागिरांच्या कागदावर शतकानुशतके इतरांचे बोलणे उतरले, त्यांचे स्वतःचे बोलणे कोठे उतरले?

महाराष्ट्रात असे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तलाकपीडित स्त्रिया एकत्र येऊन बोलू लागल्या, हे त्या चळवळीचे मोठे देणे. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्यांनी वेगळा मुद्दा लावून धरला : मुस्लिमांचा विचार केवळ धर्माच्या चौकटीत का? बागवान, तांबोळी, पिंजारी, मणियार, अत्तार या व्यवसायजातींचे जगणे कोणी वाचायचे? जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांच्या मुस्लिम ओबीसी चळवळीने तोच प्रश्न राजकारणात नेला. या धारांत मतभेद तीव्र होते आणि आहेत. पण मतभेद समाजाला दुर्बळ करतात, हा समजच आम्हांस चुकीचा वाटतो. दुर्बळ करते ते मौन.

या मौनाची एक जागा मराठवाड्याला चांगली ठाऊक आहे. सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या पोलीस कारवाईनंतर जे घडले, त्याची नोंद सुंदरलाल समितीने केली. तिचा अहवाल दशकानुदशके जनतेसमोर आला नाही. त्याआधीच्या रझाकारांच्या अत्याचारांवर आपण बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण नंतरच्या काळाची आठवण अनेक घरांत कुजबुजीपुरतीच उरली. जे समूहात कधी उच्चारले गेले नाही, ते भीती होऊन पुढच्या पिढीत उतरते.

यावर आक्षेप येईल : बोलून नोकऱ्या मिळतात का? आकडेवारी तर आहेच. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आहे, महाराष्ट्रासाठी २०१३ चा महमूदुर रहमान अभ्यासगटाचा अहवाल आहे. खरे आहे. पण मुलीने दहावीनंतर शिकावे की नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज कोण भरणार, हे निर्णय अहवालात होत नाहीत. ते घरात आणि मोहल्ल्यात होतात. दहा आया एकत्र बसून 'माझी मुलगी का थांबली' एवढेच बोलल्या, तरी जी अडचण प्रत्येकीला आपले नशीब वाटत होती, ती सर्वांची असल्याचे ध्यानात येते. बसची वेळ बदलून घेणे, दोन मुलींना सोबत पाठवणे यांसारख्या गोष्टी तेथूनच सुचतात.

असा संवाद कसा असावा? पहिली अट भाषेची. येथील घरांत दखनी बोलली जाते, शाळा उर्दू वा मराठी, प्रवचन ग्रांथिक उर्दूत. ज्याला 'शुद्ध' बोलता येत नाही तो गप्प बसतो. वली आणि सिराज यांच्या औरंगाबादेत दखनीची लाज वाटावी, हे दुर्दैव आहे. मराठी-दखनीची सरमिसळ निःसंकोच चालली पाहिजे. दुसरी अट अशी की, स्त्रिया आणि तरुण 'उपस्थित' असून भागणार नाही; विषयही त्यांनी ठरवावा. तिसरी अट नोंदीची. बोललेले लिहून ठेवावे, बोलणाऱ्यांच्या संमतीने, आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे. आश्वासनांचा हिशेब त्याशिवाय राहत नाही. शिवाय पक्ष, अनुदान देणारी संस्था किंवा आमच्यासारखे प्राध्यापक यांनी अध्यक्षाची खुर्ची घेऊ नये. बाहेरच्यांनी ऐकावे, आणि विचारले तरच बोलावे.

मराठी विभागांनी येथे काहीच करू नये काय? यू. म. पठाण यांच्यासारखा संतसाहित्याचा अभ्यासक याच शहरात शिकवत होता. १९९० च्या पुण्यातील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आपण अभ्यासक्रमात 'समन्वयाचे प्रतीक' म्हणून लावतो आणि वर्गातल्या मुस्लिम विद्यार्थ्याला त्याचे मत विचारत नाही. प्रतीक करून ठेवणे सोपे, ऐकणे कठीण. मराठीच्या अध्यापकांनी निदान एवढे तरी करावे : मौखिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना आपल्याच गल्लीत पाठवावे, आणि त्यांनी आणलेले बोलणे प्रमाण मराठीत 'सुधारून' न घेता वाचावे.