तारेचा दोष वैमानिकाच्या माथी

जमिनीलगत उडणारे विमान कोसळले की चूक वैमानिकाची, असे मत हल्ली फार ठामपणे मांडले जाते. म्हणणे थोडक्यात असे : फवारणीचे वैमानिक धाडसाच्या नादात खाली येतात, तारेला धडकतात आणि मरतात, कसलेला वाचतो, कच्चा जातो. आता ड्रोन आले आहेत, तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसासारख्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाने या प्रश्नात पडूच नये. हे मत मेलेल्याच्या माथी सगळे मारून जिवंतांना मोकळे सोडते, म्हणून त्याचा राग येतो.

फवारणीचे विमान पिकाच्या डोक्यावरून जेमतेम काही मीटरवर उडते, ते धाडसासाठी नव्हे. औषध उंचावरून सोडले तर वारा ते शेजारच्या विहिरीत नेतो. खाली येणे हेच ते काम आहे. आणि त्या उंचीवर तार दिसत नाही. खांब दिसतो, पण तोही झाडीत बुडालेला असला तर ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगात अंदाजाला अवधी उरत नाही. प्रत्येक फेरीच्या टोकाला वळावे लागते. 60 अंशांच्या कलाने, उंची राखून वळताना विमानावरचा भार दुप्पट होतो, आणि ज्या वेगाखाली पंख साथ सोडतात तो वेग सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. सावरायला खाली जागा नसते. हे गणित कसलेल्यालाही चुकत नाही. जवळचेच उदाहरण घ्या. 26 एप्रिल 2017 रोजी याच जिल्ह्यातल्या बिरसी विमानतळावरून निघालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या केबलला धडकून कोसळले. प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघेही गेले. ते फवारणीचे विमान नव्हते, आणि ते इतके खाली का आले हा प्रश्न रास्तच आहे. पण ती केबल हवेतून दिसेल अशी का नव्हती, हा प्रश्न तितकाच रास्त आहे आणि तो विचारायला कोणी पुढे येत नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने फवारणीसाठी बांधलेले ‘बसंत’ 30 मार्च 1972 रोजी प्रथम उडाले. त्यात वैमानिकाची बैठक औषधाच्या टाकीमागे, उंचावर होती. समोरचे नीट दिसावे आणि आदळल्यास माणूस वाचावा हा त्या रचनेचा हेतू. बांधणाऱ्यांनी अपघात गृहीत धरला. टीकाकारांना मात्र अजून फक्त बेफिकिरी दिसते.

ही खोड जुनी आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने फवारणी करणारे शेतमजूर आणि शेतकरी दगावले, तेव्हाही त्यांनी तोंडाला मास्क का बांधला नाही, हेच विचारले गेले. उन्हात पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत शिरणाऱ्याला मास्क कोणी दिला होता, याची चौकशी मागे राहिली. ड्रोनचे म्हणाल तर तारेला तोही धडकतो. फक्त आत माणूस नसतो, खाली धानाच्या बांधीत असतो.

मग करायचे काय? कीटकनाशके नियम, 1971 मधील नियम 43 हवाई फवारणीचे क्षेत्र आखण्याची जबाबदारी काम करणाऱ्यावर टाकतो, लोकांना किमान 24 तास आधी सूचना मागतो आणि वैमानिकाला विशेष प्रशिक्षण सांगतो. त्यात तारांचा उल्लेख नाही, तो घालावा. उड्डाणाआधी पायी पाहणी आणि तारांचा नकाशा सक्तीचा करावा. दऱ्या-नद्यांवरील केबलींना रंगीत गोळे लावण्याचे काम ज्याची केबल त्याने करावे, आणि न लावल्यास चौकशी अहवालात त्याचेही नाव यावे. सालेकसा तालुक्यात नकाशाची सुरुवात दरेकसावरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या विद्युत तारांपासून करता येईल, मग शेतपंपांच्या लाइनी, मग नाल्यांवरून ओढलेल्या तारा.