जुन्या खेळांसाठी ‘विंडोज ९८’च

संपादक महाशय यांस,

जुने खेळ खेळू इच्छिणाऱ्याने जुन्या संगणकावर सरसकट ‘विंडोज एक्सपी’ बसवावी, असा जो निर्वाळा गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो मला मान्य नाही. २००१ सालच्या या प्रणालीच्या स्थैर्याविषयी दुमत नाही. परंतु तिच्या मुळाशी डॉस नसून ती डॉसचा केवळ आभास निर्माण करते, आणि ज्या खेळांना साउंड कार्डाशी थेट व्यवहार करावयाचा असतो, ते त्या आभासात बहुधा मुके होतात. १९९९ ची ‘विंडोज ९८ सेकंड एडिशन’ मात्र एकाच यंत्रावर शुद्ध डॉस आणि विंडोज या दोहोंचा अंमल चालवू देते. २००० सालच्या ‘मिलेनियम’ने डॉसची ही वाट झाकून टाकली, म्हणून ती मी त्याज्य मानतो.

बसविताना सीडीवरील ‘विन९८’ हे फोल्डर प्रथम हार्ड डिस्कवर उतरवून सेटअप तेथूनच चालवावा, म्हणजे पुढे प्रत्येक ड्रायव्हरच्या वेळी सीडीची मागणी होत नाही. रॅम ५१२ एमबीहून अधिक असल्यास ‘सिस्टिम.आयएनआय’मधील ‘व्हीकॅश’ सदरात ‘मॅक्सफाइलकॅश’ची मर्यादा घालणे इष्ट, अन्यथा विपुल स्मृती असलेले यंत्रच स्मृती अपुरी असल्याची तक्रार करते, आणि नवशिके हकनाक रॅमलाच दोष देतात.

नंतरच्या काळातील खेळांपुरती एक्सपी दुसऱ्या पार्टिशनवर खुशाल ठेवावी. पण ती ९८ च्या मागाहून बसवावी, कारण क्रम उलटल्यास ९८ चा सेटअप बूट सेक्टरचा ताबा घेतो व एक्सपी सुरू होईनाशी होते.

आपला,
एक नियमित वाचक