घरचे ते फुकट नव्हे

शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा विषय निघाला की दोन पक्ष हटकून समोरासमोर उभे राहतात. एक पक्ष म्हणतो, पाऊस, बाजारभाव आणि सावकार यांनी शेतकऱ्यास बुडविले. त्याच्या मनोवृत्तीचा यात काही संबंध नाही. दुसरा पक्ष म्हणतो, शेतकऱ्यास पैसा टिकविताच येत नाही. लग्नकार्यात आणि सणावारात तो उडवितो, म्हणून तो गरीब. पहिल्या पक्षाचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे आणि दुसऱ्याचे पुष्कळ अंशी अन्यायाचे. तथापि या वादात एक तिसरी गोष्ट दृष्टिआड होते. पैशाविषयी शेतकरी कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली एक समजूत आहे. ती उधळपट्टीची नव्हे. उलट काटकसरीच्या घरातच ती अधिक पक्की रुजलेली आढळते. ती समजूत म्हणजे, ‘घरचे ते फुकट.’

उधळपट्टीचा आरोप मुळीच नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि हे लोण आसपासच्या गावांत पसरले. या दंग्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगापुढेही लग्नखर्चाचे कारण आले होते. आयोगाने मात्र असा अभिप्राय दिला की या कारणास अवास्तव महत्त्व दिले जाते. असे प्रसंग क्वचित येतात, आणि अनेक वर्षांचा एकत्र विचार करता तो खर्च माणसाने आपल्या सुखासाठी करावा त्याहून फार अधिक नसतो. अडचण निराळीच होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले होते आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली होती. युद्ध संपले, भाव उतरले, कर्जे मात्र राहिली. त्या कर्जांचा हिशेब सर्वस्वी सावकाराच्या वहीत होता. रयतेच्या हाती कागदाचा एक चिठोराही नव्हता. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांस रोख्यामागील व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार दिला, आणि सावकारावर पावत्या व हिशेब देण्याचे बंधन घातले. हिशेब ज्याच्या हाती, धन त्याच्या हाती, हा त्या प्रकरणाचा धडा होय.

आज शेतकऱ्याचा मुलगा शिकलेला आहे, घरात बँकेचे पासबुक आहे, खिशात मोबाइल आहे. तरीही शेतीचा हिशेब बहुतेक घरांत तोंडीच असतो, आणि तो तोंडी हिशेब ‘घरचे ते फुकट’ या समजुतीवर उभा असतो. ती कशी घात करते हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या शेताचे आकडे घालावेत.

समजा, एका एकरात ८ क्विंटल सोयाबीन झाले व ते ४,५०० रुपये भावाने विकले. हाती ३६,००० रुपये आले. नांगरट, खते, औषधे, बाहेरचे मजूर, मळणी आणि वाहतूक यांवर रोख २०,००० रुपये गेले. शेतकरी म्हणतो, ‘सोळा हजार सुटले.’ आता घरचे मोजू. नवरा-बायकोचे मिळून ३० दिवसांचे काम, दिवसाला ३०० रुपये धरले तर ९,००० रुपये. गोठ्यातील शेणखत ४,००० रुपये. घरचे राखलेले बियाणे ३० किलो, किलोस ६० रुपयांप्रमाणे १,८०० रुपये. मोटार, पाइप व अवजारे यांची वर्षाची झीज १,५०० रुपये. बेरीज झाली १६,३०० रुपये. म्हणजे सोळा हजार सुटले नाहीतच. उलट तीनशेची तूट आली. स्वतःच्या जमिनीचा खंड तर आपण अजून धरलेलाच नाही.

या हिशेबाचा अर्थ सोयाबीन सोडून द्यावे असा नव्हे. अर्थ इतकाच की हाती आलेल्या सोळा हजारांस चार निरनिराळी नावे आहेत. त्यांतील ९,००० ही कुटुंबाची मजुरी, आणि तीही तीनशेंनी कमी पडली. ४,००० गोठ्याचे. उरलेले ३,३०० रुपये बियाण्याचे आणि झिजेचे. ते खर्चासाठी आपल्या हाती कधी आलेच नव्हते. परंतु ज्याने सारेच ‘सुटले’ असे मानले, त्याने ते ३,३०० रुपयेही खर्चून टाकले. असे सहा-सात वर्षे चालते आणि एक दिवस विहिरीवरची मोटार जळते. आपण म्हणतो, संकट आले. वास्तविक ते संकट दरवर्षी थोडे थोडे येत होते. आपल्या वहीत त्याला जागा नव्हती एवढेच. मग नव्या मोटारीसाठी कर्ज काढावे लागते, आणि त्या कर्जाचा दोष नशिबास दिला जातो. भांडवल एका रात्रीत कोणी चोरून नेत नाही. ते असे न मोजल्यामुळे झिरपून जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शासनाचा कृषिमूल्य आयोगही घरची मजुरी फुकट धरीत नाही. १९६५ मध्ये स्थापन झालेला हा आयोग हमीभावाची शिफारस करताना उत्पादनखर्च निरनिराळ्या रीतींनी मांडतो. प्रत्यक्ष केलेला खर्च म्हणजे ‘ए-२’. त्यात कुटुंबाच्या श्रमांचे मूल्य मिळविले की ‘ए-२ अधिक एफएल’. आणि त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले की ‘सी-२’. २०१८-१९ पासून हमीभाव ठरविताना यांपैकी दुसऱ्या खर्चाच्या दीडपटीचा निकष लावला जातो. तो ‘सी-२’ वर लावावा ही शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे. या वादात कोणीही कोणती बाजू घ्यावी. परंतु जो आपला ‘सी-२’ किती हे सांगू शकत नाही, त्याची मागणी सभेत जोरात ऐकू येते आणि कागदावर दुबळी ठरते. आपल्या घामाची किंमत दुसऱ्याने मान्य करावी, तर ती आधी आपण मांडली पाहिजे.

या समजुतीचा सर्वांत मोठा भार पडतो तो घरातील स्त्रीवर. खुरपणी, वेचणी, बियाण्याची निवड, गुरांचा चारा-पाणी, दूध काढणे, यांपैकी बहुतेक कामे तिची. आणि ती घरची म्हणून फुकट. त्यामुळे तिचे श्रम वाचविणारे अवजार घेण्याचा प्रश्न निघाला की ‘कशाला हवा तो खर्च’ असे उत्तर मिळते. जे श्रम मोजलेच नाहीत, ते वाचविण्यात लाभ आहे हे दिसणार कसे? गंमत अशी की अनेक घरांत आज नियमाने लिहिली जाणारी एकमेव वही म्हणजे तिच्या बचत गटाची वही असते. १९९७ साली सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. परवान्याचा पहिला अर्ज सभासद स्त्रिया निरक्षर आहेत या कारणावरून नाकारला गेला होता. त्या स्त्रिया लिहावयास शिकल्या, आणि आम्हांस व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो हे त्यांनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन सांगितले. ज्या घरात अशी हिशेबी गृहिणी आहे, त्या घराने शेतीची वहीही तिच्या हाती देण्यास संकोच का करावा?

न मोजण्याची हीच सवय कर्जाच्या बाबतीतही नडते. सावकार ‘तीन टक्के’ म्हणतो, बँक ‘सात टक्के’ म्हणते, आणि ऐकणाऱ्यास तीन हा आकडा सातापेक्षा लहान वाटतो. सावकाराचे तीन दरमहाचे असतात आणि बँकेचे सात वर्षाचे. एक लाख रुपयांवर सावकाराचे वर्षाचे व्याज ३६,००० रुपये होते. तीन लाखांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जावर बँकेचे व्याज लाखास ७,००० रुपये होते. वेळेवर फेड केल्यास केंद्राची ३ टक्क्यांची सवलत मिळून ते ४,००० रुपयांवर येते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची जोड मिळाली की तोही भार उतरतो. ‘बँकेत हेलपाटे फार’ ही तक्रार खोटी नाही. परंतु तेही मोजून पाहावे. दहा हेलपाट्यांचे दहा दिवस, दिवसाला ३०० रुपयांप्रमाणे ३,००० रुपये, वर भाडे. एवढे धरूनही सावकार कितीतरी महाग पडतो. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला होता. त्या काळी शेतकऱ्यापुढे दुसरी वाट नव्हती. आज वाट आहे. तिच्यावर चालण्यापूर्वी दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहण्याचे कष्ट तेवढे हवेत.

कोणी म्हणेल, मोजल्याने बरकत जाते, असे वाडवडील सांगत. वाडवडिलांची रीत नीट पाहावी. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत आणि पुढे ‘दोन’ म्हणत. म्हणजे लाभाची सुरुवातच मोजण्यापासून होते, असे त्यांनी मानले होते. दुसरी रीत बलुत्याची. खळ्यावरून धान्य घरी नेण्यापूर्वी ज्याचे त्याचे वाटे काढून दिले जात. घरी आलेल्या राशीतून उरले तर देऊ, असे नसे. आणि तिसरी रीत बियाण्याची. पाहुणा येवो, दुष्काळ पडो, कणगीचा तळ दिसो. राख लावून ठेवलेल्या बियाण्यास शहाणा शेतकरी हात लावीत नसे. उपाशी झोपेल, पण बी खाणार नाही, हे त्याचे ब्रीद होते.

पैशाविषयी नवे तत्त्वज्ञान शिकण्याची आपणांस गरजच नाही. जी शिस्त आपण बियाण्यास लावली, तीच रुपयास लावावयाची आहे. पीक विकून आलेल्या रकमेत काही रुपये बियाण्याचे असतात. पुढील हंगामाचे बी-खत, अवजारांची झीज आणि कर्जाचा हप्ता हे ते रुपये. पट्टी हाती पडताच ते निराळे काढून निराळ्या खात्यात टाकावेत, आणि उरेल त्यात घर चालवावे. ‘उरले तर बाजूला टाकू’ हा क्रम उलटा आहे. खळ्यावर आपल्या आजोबांनी तो कधीच मान्य केला नसता.

यावर खरा आक्षेप असा की जेथे मुळात उत्पन्नच तोकडे, तेथे मोजायचे काय? अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने याचे उत्तर पाण्याच्या बाबतीत देऊन ठेवले आहे. पाऊस थोडा, म्हणूनच ते गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि उपलब्ध पाणी पाहून कोणती पिके घ्यावयाची ते ठरविते. जेथे पाणी मुबलक आहे तेथे मोजमाप टाळले तरी चालून जाते. जेथे टंचाई आहे तेथे मोजण्यावाचून गत्यंतर नाही. पैशाचेही तसेच आहे. हिशेबाने पाऊस पडत नाही आणि बाजारभावही चढत नाही, हे खरे. परंतु कोणते पीक आपणांस पोसते आणि कोणत्या पिकास आपण पोसतो, हे त्यावाचून कळत नाही.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस म्हणून विनंती अशी की शेतकऱ्यापुढे काटकसरीवर व्याख्यान देऊ नये. तो आपल्यापेक्षा काटकसरी आहे. त्याऐवजी गावातील पाच घरे निवडावीत आणि प्रत्येक घरी एक साधी वही सुरू करावी. तिच्यात चार रकाने असावेत: रोख खर्च, घरचे श्रम, घरचा माल, आणि आलेले पैसे. आठवड्यातून एकदा, घरातील स्त्री-पुरुष दोघेही हजर असताना, ती भरावी. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून लिहून घ्यावी. हंगाम संपला की पाचही वह्या एकत्र ठेवून बेरजा मांडाव्यात. आकडे कोणाचे कमी, कोणाचे जास्त, यावरून कोणास हिणवू नये. तसे झाले की दुसऱ्या वर्षी वही बंद पडते.

वही असली की इतर योजनांचाही उपयोग नीट करता येतो. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. ती राबविणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की सोयाबीन, तूर यांसारख्या मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. सुगीत भाव पडलेला असताना माल विकण्याची निकड त्यामुळे टळते. तथापि पुढे भाव वाढेलच असे नाही. तो किती वाढला म्हणजे व्याज, वाहतूक आणि घट भरून निघेल, हे ज्यास वहीवरून सांगता येते, त्यानेच थांबावे. इतरांनी अंदाजावर जुगार खेळू नये.

शेतकरी बंधु-भगिनींनो, धन म्हणजे केवळ सोने किंवा जमीन नव्हे. पुढच्या हंगामास कोणापुढे हात न पसरता उभे राहण्याची ताकद, हे शेतकऱ्याचे पहिले धन होय. येत्या पेरणीपूर्वी एक वही आणावी आणि पहिल्या ओळीत आपल्या घरच्या एका दिवसाच्या कामाची मजुरी लिहावी. तो आकडा शून्य नाही, एवढे एकदा आपल्याच हाताने लिहिले गेले, म्हणजे पुढचा हिशेब आपोआप सुचत जाईल.